तबल्यावर सुचतं, मग ऑक्टोपॅडवर का नाही?

दिवाळी सरली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. तालमी थोड्या, भिस्त प्रॉम्प्टरवर. नट वाक्य विसरला की ती जागा वादकांनीच भरायची.

अशाच एका मंडळीतला तरुण तबलजी माझ्याकडे समुपदेशनासाठी आला (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). यंदा ऑक्टोपॅडही (काठ्यांनी वाजवायचं आठ पॅडांचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) त्याच्याच गळ्यात पडला होता. "मॅडम, तबल्यावर हात आपोआप चालते. ऑक्टोपॅडवर आयत्या वेळी डोस्कंच बंद होते. मले खरं काही येतच नाही का जी?"

भजनी मंडळातले पेटीवालेही हेच विचारतात. त्याला म्हटलं, येतं तुला. भीतीनं श्वास उथळ होतो, बोटं गार पडतात आणि लक्ष गाण्यावरून उठून स्वतःच्या हातांवर जातं. अंगवळणी पडलेल्या हालचालीवर अशी पाळत बसली की ती अडखळते. २००८ साली चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्रॉन या संशोधकांनी सहा जॅझ पियानोवादकांचे मेंदू उत्स्फूर्त वादन चालू असताना तपासले. स्वतःवर नजर ठेवण्याशी जोडलेला पुढचा भाग तेव्हा थंडावलेला दिसला.

मी त्याला काठ्या बाजूला ठेवायला लावल्या आणि केरवा ताल तोंडानं म्हणायला सांगितला. धा गे ना ती, ना क धी ना. लगेच पलटे, म्हणजे बोलांची उलटापालट, सुरू झाले; एकच तुकडा तीनदा म्हणत तिहाई घेऊन गडी बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर! म्हणजे भांडार शाबूत होतं, ते तबल्यापुरतं नव्हतंच. मग आठांपैकी दोनच पॅड घेतले, एक डग्ग्यासाठी, एक चाटेसाठी (तबल्याच्या काठावरचा आवाज). सुरुवातीला नुसता ठेका धरायचा आणि कान ऑर्गनवाल्याकडे ठेवायचा. तो जिथे थांबेल तिथेच सुचेल तो छोटासा तुकडा वाजवायचा. काही सुचलं नाही तर ठेक्यावर परत यायचं, ऐकणाऱ्याला त्यात चूक वाटत नाही. आधी घरी ऑर्गनवाल्या मित्राबरोबर, मग मंडईतल्या (गावच्या जत्रेतल्या) छोट्या कार्यक्रमात, आणि नंतरच नाटकात.

आता लावणीत त्याचा हात मोकळा चालतो. करुण प्रसंगातली शांतता मात्र त्याला अजून सोसवत नाही, काहीतरी वाजवतोच. त्यावर आमचं काम चालू आहे.

हात थरथरू नये म्हणून प्रयोगाआधी घोटभर घेणारेही माझ्याकडे येतात. भीती तेवढ्यापुरती दबते, पण ताल सुटतो आणि पुढे घोट वाढत जातो. तसं होत असेल, किंवा झोप उडाली असेल, तर हंगाम संपायची वाट न पाहता समुपदेशकाकडे या.