संहितेवरची न दिसणारी खूण

प्रश्न : मी देसाईगंज तालुक्यातील एका खेड्यात राहतो आणि झाडीपट्टी रंगभूमीसाठी, म्हणजे पूर्व विदर्भातल्या लोकप्रिय नाट्यपरंपरेसाठी, नाटके लिहितो. हंगामाआधी तीन-चार मंडळांना संहितेची पीडीएफ व्हॉट्सॲपवर वाचायला पाठवावी लागते. गेल्या वर्षी ज्या मंडळाला मी नाटक दिलेच नव्हते, त्यांनी ते नाव बदलून एका गावच्या शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या वेळी, उभे केले. प्रत कोणाकडून गेली, हे अजून कळलेले नाही. संहितेत अदृश्य डिजिटल जलचिन्ह, म्हणजे वॉटरमार्क, टाकता येते असे मुलगा सांगतो. त्याने चोरी थांबेल का?

उत्तर : नाही, चोरी थांबणार नाही, आणि हे आधीच सांगितलेले बरे. अदृश्य जलचिन्हामुळे फाइल उघडणे, पुढे पाठवणे किंवा छापणे यांपैकी काहीच अडत नाही. त्याचा उपयोग नंतर होतो : बाहेर सापडलेली प्रत मुळात कोणाच्या हाती दिली होती, हे तिच्यावरून सांगता येते. तेही प्रत्येक मंडळाला वेगळी खूण असलेली प्रत दिली असेल तरच. एकच फाइल चौघांना पाठवली, तर तिच्यात लपवलेली खूण फार तर तुमचे नाव सांगेल. प्रत कोणी बाहेर फोडली, हे सांगणार नाही. तुमच्या पत्रावरून तुम्हाला नेमके हेच जाणून घ्यायचे आहे, म्हणून पुढचे सारे विवेचन ‘प्रत्येकाला वेगळी प्रत’ हे गृहीत धरून करतो.

नोट उजेडासमोर धरली की कोऱ्या भागात गांधीजींचा चेहरा दिसतो, ते कागदातले जलचिन्ह. ही पद्धत तेराव्या शतकात इटलीतील फाब्रियानो येथे सुरू झाली. डिजिटल मजकुरात अशी खूण लपवण्याचे जे प्रयोग १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाले, त्यांत पानावरच्या ठरावीक ओळी एक इंचाच्या तीनशेव्या भागाइतक्या वर किंवा खाली सरकवल्या जात. वाचणाऱ्याला काहीच जाणवत नसे, मात्र स्कॅन केलेल्या पानावरील अंतरे मोजली की कोणती ओळ सरकली आहे ते कळे, आणि वर म्हणजे १, खाली म्हणजे ० असे धरून प्रतीचा क्रमांक वाचता येई. छापील प्रतीची झेरॉक्स काढली तरी ही खूण बऱ्याच अंशी टिकते.

पान चित्ररूपात साठवून त्यात खूण लपवण्याचीही रीत आहे. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याची छटा ० ते २५५ यांमधल्या आकड्याने नोंदलेली असते. २०० चा २०१ केला तर डोळ्याला फरक कळत नाही, आणि अशा बारीक बदलांतून हवे ते लिहिता येते. परंतु व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून पाठवलेले चित्र वाटेत आवळून लहान केले जाते आणि हे नाजूक बदल पुसले जातात. खूण चित्राच्या ठळक घटकांत पसरवून अधिक चिवट करता येते. इंगेमार कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेली पद्धत हीच. मात्र छायाचित्रात छटांचा जो आडोसा मिळतो, तो पांढऱ्यावर काळी अक्षरे असलेल्या पानात फारसा नसतो. म्हणून संहितेसाठी मी ही वाट सुचवणार नाही.

तिसरी रीत आपल्या लिपीशी जोडलेली आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सगळ्या लिप्या लिहिण्याच्या सामाईक पद्धतीत, रुंदी नसलेली, पडद्यावर न दिसणारी काही चिन्हे आहेत आणि ती शब्दांत पेरून मजकुरावर खूण करणारी साधने मिळतात. इंग्रजी मजकुरात ती उपरी ठरतात. मराठीत मात्र त्यांतली काही रोजच्या लेखनातच येतात. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो : एका कळफलकावर ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह, तर दुसऱ्यावर खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त. दिसायला दोन्ही सारखेच असतात. मी एका लांब लेखात हा शब्द शोधला, तेव्हा डोळ्यांसमोर असलेला शब्द संगणकाला सापडेना. तो लेख दोघांनी दोन कळफलकांवर टंकला होता. त्यामुळे मराठीत असे चिन्ह आढळले म्हणून ती मुद्दाम केलेली खूण आहे, असे ठामपणे म्हणता येत नाही. शिवाय छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये मजकूर बदलून घेतला की ही चिन्हे गळून पडण्याचा संभव असतो.

तुमच्या बाबतीत खरी अडचण आणखी वेगळी आहे. नाटक चोरणारा तुमची पीडीएफ जपून ठेवत नाही. तो संहिता हाताने उतरवतो, प्रत्येक नटाच्या संवादांची वेगळी नक्कल उतरवून देतो आणि पुढे प्रॉम्प्टरच्या हाती नवीच वही जाते. ओळींची अंतरे, ठिपके आणि अदृश्य चिन्हे, सगळे तिथे संपते. उरतात फक्त शब्द. म्हणून खूण शब्दांतच ठेवा. एका प्रतीत म्हातारा ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’ घर सोडतो, दुसरीत ‘खांदमळणीच्या दिवशी’, दिवस एकच. एकीत सावकार ‘सव्वाशे’ मागतो, दुसरीत ‘एकशे पंचवीस’. अशा तीन जागा, प्रत्येकी दोन पर्याय, म्हणजे आठ वेगळ्या प्रती होतात. पाच जागांत बत्तीस. तुम्हाला चारच प्रती हव्या असल्या तरी जागा आठ-दहा ठेवा, कारण नट एखादा शब्द आपल्या तोंडी बसेल तसा बदलतो, आणि दोन मंडळांनी प्रती शेजारी ठेवून ताडून पाहिल्या तर काही फरक उघडेही पडतात. विनोदी पात्राच्या तोंडी खूण ठेवू नका, ते पात्र रोज नवे बोलते. अर्थ आणि लय यांना धक्का लागणार नाही, हे तुमच्याइतके कोणतेही सॉफ्टवेअर जाणत नाही.

यासोबत एक वही ठेवा : कोणत्या मंडळाला, कोणत्या तारखेला, कोणत्या शब्दांची प्रत दिली. पाठवलेली फाइल आणि तिचा हॅश, म्हणजे फाइलवरून निघणारा ठसा, हेही जपून ठेवा. एक स्वल्पविराम बदलला तरी हा ठसा पूर्ण बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात हा हॅश नमूद करायचा असतो.

कायद्याची एक बाजू सहसा कोणी सांगत नाही. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार लेखनावरचा हक्क लिहिताक्षणी तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. केली तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ब लेखकाचे नाव, कृतीचे नाव यांसारखी हक्कदर्शक माहिती जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढून टाकणे हा गुन्हा ठरवते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. परंतु वापरणाऱ्याला ओळखण्यासाठी केलेली योजना या माहितीच्या व्याख्येतून वगळलेली आहे. प्रत कोणाला दिली हे ओळखणारी तुमची गुप्त खूण याच प्रकारात मोडू शकते. म्हणून तिच्यावर विसंबून उघड नाव गाळू नका. प्रत्येक पानावर तुमचे नाव आणि नाटकाचे नाव ठळक असू द्या.

प्रश्न : आमची यवतमाळ जिल्ह्यात कोरडवाहू शेती आहे. पीककर्जासाठी सातबारा आणि आधारचे फोटो अनेकांना पाठवावे लागतात. त्यांवरही अशी लपलेली खूण टाकावी का?

उत्तर : ताई, तुमच्यासाठी दिसणारी खूणच योग्य. लपलेली खूण कागद हाताळणाऱ्या कारकुनाला दिसणार नाही, त्यामुळे गैरवापर करणाऱ्याला ती अडवणारही नाही. छायाप्रतीवर मधोमध, आकडे झाकले जाणार नाहीत असे, ‘फक्त अमुक बँकेच्या पीककर्जासाठी’ आणि तारीख लिहा. कडेला लिहिले तर ते कापून टाकता येते. जिथे पूर्ण क्रमांकाची गरज नसेल तिथे शेवटचे चारच अंक दाखवणारे आधार द्या. महाभूमी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून पंधरा रुपये भरून घेतलेल्या डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याच्या मूळ फाइलवर मात्र काहीही लिहू नका. स्वाक्षरीनंतर फाइलमध्ये बदल झाला की तो पडताळणीत दिसतो आणि खरा सातबाराही संशयास्पद ठरू शकतो. मूळ फाइल तशीच ठेवून तिच्या प्रिंटवर लिहा आणि त्या प्रिंटचा फोटो पाठवा.