आबा ‘रिलक्टंट’ की ‘रेटिसंट’?

एका मराठी कथेचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे. ‘आबा पैशांविषयी बोलायला नाखूश असत’ इथे त्यांनी ‘रिलक्टंट’ लिहिलं, तर तपासणाऱ्याने ते खोडून ‘रेटिसंट’ केलं. पुढे ‘आबा गाव सोडायला नाखूश होते’ इथे त्यांनी आपणहून ‘रेटिसंट’ वापरलं, तर ते बदलून ‘रिलक्टंट’ करून आलं. शब्दकोशात दोन्हींपुढे ‘अनिच्छुक’च दिसतं. मग नेमकं काय धरायचं?

तपासणाऱ्याने दोन्ही ठिकाणी योग्य तेच केलं आहे. ‘रेटिसंट’च्या मुळाशी लॅटिनमधलं ‘ताकेरे’ आहे, म्हणजे गप्प राहणं. ‘टॅसिट’ आणि ‘टॅसिटर्न’ हे त्याचेच भाऊबंद. म्हणून ‘रेटिसंट’मधली नाखुशी फक्त बोलण्यापुरती असते. ‘टॅसिटर्न’ माणूस एकूणच कमी बोलतो. ‘रेटिसंट’ माणूस एरवी गप्पा मारेलही, पण स्वतःच्या आतल्या गोष्टींचा विषय निघाला की हात आखडता घेईल. त्याच्यापुढे ‘अबाउट’ येतं: ‘रेटिसंट अबाउट मनी’. पैशांचा विषय टाळणं हा आबांचा स्वभावच असेल तर हाच शब्द हवा. एरवी ते मोकळेपणाने बोलत आणि त्या दिवशी तेवढं सांगायला कां कू करत होते, असं असेल तर ‘रिलक्टंट टू टॉक’ही चालेल.

हल्ली ‘रेटिसंट टू गो’ अशी वाक्यंही सर्रास छापली जातात आणि नव्या शब्दकोशांनी तो अर्थ नोंदवलाही आहे. तरी मी तसं लिहिणार नाही आणि तुम्हीही लिहू नये असं मला मनापासून वाटतं. नाखुशीसाठी इंग्रजीत शब्दांची कमी नाही. मनातलं मनात ठेवणाऱ्या माणसासाठी मात्र इतका नेमका शब्द सहज मिळत नाही. तो झिजवून टाकला तर नुकसान आपलंच.

आता ‘रिलक्टंट’. लॅटिन ‘लुक्तारी’ म्हणजे कुस्ती खेळणं, झुंजणं. मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये (१६६७) सैतानाचा साप होतो, हात बरगड्यांना चिकटतात, पाय एकमेकांत गुंततात आणि तो पोटावर कोसळतो. तिथे मिल्टन त्याला ‘रिलक्टंट’ म्हणतो. ही नुसती नाराजी नाही, तो अंगाने झगडतो आहे आणि ते झगडणं व्यर्थ ठरतं. चुंबकीय परिपथात चुंबकीय प्रवाहाला होणाऱ्या विरोधाला ऑलिव्हर हेविसाइडने १८८८ मध्ये ‘रिलक्टन्स’ हे नाव दिलं, त्यातही विरोधाचीच छटा आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांना हा शब्द आधी तिथेच भेटतो.

आजच्या इंग्रजीत ती झुंज मनातल्या मनात चालते, आणि बरेचदा माणूस शेवटी ते काम करतो. ‘रिलक्टंटली अग्रीड’ म्हणजे आढेवेढे घेत का होईना, हो म्हटलं. याउलट ‘ही वॉज अनविलिंग टू लीव्ह’ म्हटलं की बहुधा नकारच समजायचा. (‘अनविलिंग पार्टिसिपंट’ सहभागी असतो खरा, पण त्याची संमती नसते.) तेव्हा कथेच्या शेवटी आबा काय करतात ते पाहा. बोचकं घेऊन एसटीत चढत असतील तर ‘रिलक्टंट’, ओट्यावरच बसून राहत असतील तर ‘अनविलिंग’.

तिसरा पर्याय ‘लोथ’चा. आपल्याकडे ‘जिवावर येणं’ म्हणतात ना, त्याच्या हा फार जवळ आहे. ‘ही वॉज लोथ टू लीव्ह’: निघायचं त्याच्या अगदी जिवावर आलं होतं. शब्द जुना आणि थोडा ग्रांथिक आहे, पण कथेत शोभतो. फक्त ‘लोद’शी गल्लत नको. ‘लोथ’ विशेषण, त्याच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ‘ई’ नाही. ‘लोद’ क्रियापद, त्याला ‘ई’ आहे आणि अर्थ तिरस्कार करणं. मूळ एकच असलं तरी ‘ई’ चुकून लागली की गाव सोडवत नसलेले आबा कशाचा तरी तिरस्कार करू लागतील.

‘हेझिटंट’मध्ये इच्छा नसतेच असं नाही, निर्णय होत नसतो. ‘अव्हर्स’ मात्र मनाचा कायमचा कल सांगतो आणि त्याच्या ‘टू’पुढे नाम किंवा ‘इंग’ लागतं: ‘अव्हर्स टू बॉरोइंग’. ‘अव्हर्स टू बॉरो’ नव्हे. ‘नॉट अव्हर्स टू अ कप ऑफ टी’ असं कुणी म्हणालं तर खुशाल चहा टाका, ते इंग्रजी पद्धतीचं ‘चालेल की!’ आहे. आणि ‘ॲडव्हर्स’ हा परिस्थितीचा शब्द, हवामान, परिणाम, शेरा यांच्यासाठी. ऑफिसच्या मेलमध्ये दिसणारं ‘आय ॲम ॲडव्हर्स टू धिस’ सरळ चूक आहे, तिथे ‘अव्हर्स’च हवं.