ऐंशी डोक्यांच्या गावाचा ‘महापौर’

प्रश्न : माझ्या भाचीनं फ्रेंच मुलाशी लग्न केलं. ती सांगते, त्यांच्या गावात जेमतेम ऐंशी डोकी, तरी गावाला स्वतःचा महापौर! आमच्या वाडीत याहून जास्त माणसं, पण ग्रुप ग्रामपंचायत खाडीपलीकडे. भाची थट्टा करतेय का?
— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : थट्टा नाही हो. फक्त ‘महापौर’ म्हणू नका, डोळ्यांपुढे मुंबई येते. पॅरिस असो की भाचीचं गाव, त्यांच्यात शब्द एकच, ‘मेर’. आपल्या हिशेबानं सरपंच. वस्ती शंभराच्या आत असली तर गावाच्या पंचायतीत ७ सदस्य, मुदत ६ वर्षं. सदस्यच आपल्यातून मेर निवडतात. ही व्यवस्था १७८९च्या राज्यक्रांतीतली. अशी गावं-शहरं आजही ३५ हजारांच्या घरात आहेत, कारण आपलं नाव पुसायला कुणी तयार नाही. व्हर्दनजवळची सहा गावं पहिल्या महायुद्धात, १९१६च्या लढाईत बेचिराख झाली. तिथं आज एकही माणूस राहत नाही, तरी मेर आहे! मतदारच नाहीत, म्हणून त्याला सरकारचा प्रीफेक्ट, म्हणजे आपल्या हिशेबानं कलेक्टर, नेमतो.

भाचीचं लग्न तिथं झालं असेल, तर ते मेरनं किंवा त्याच्या उपानं लावलं असणार, अंगावर तिरंगी पट्टा घालून. चर्च त्यानंतर. मी ग्रामसेवक असताना विवाह नोंदणीच्या रजिस्टरवर सह्या खूप केल्या. पट्टा काही मिळाला नाही.

पण ऐंशी माणसांच्या घरपट्टीवर कचरागाडी कशी परवडेल? म्हणून असली कामं शेजारची गावं मिळून करतात. कारकूनही बऱ्याचदा दोन-तीन गावांत वाटलेला, आठवड्यातून ठरल्या वेळी येणारा. त्यांनी कामं एकत्र केली, आपण गावंच एकत्र केली.

माझ्या पंचायतीत एक म्हातारबा भर पावसात होडीनं यायचे, घराच्या उताऱ्यासाठी. एकदा मी पंचायत समितीच्या मीटिंगला गेलो होतो, दाराला कुलूप. ते दुपारपर्यंत पायरीवर बसले आणि माझ्यासाठी आणलेली सोलांची पिशवी कडीला अडकवून परत गेले. उतारा नेला तो पुढच्या खेपेला.

वेगळी पंचायत मागायची तर मागा, पण तिचं घोडं कधी गंगेत न्हाईल सांगता येत नाही. तोवर येत्या ग्रामसभेत ठराव मांडा, की ग्रामपंचायत अधिकाऱ्यानं (पूर्वीचा ग्रामसेवक) दर आठवड्याला एक वार दप्तर घेऊन तुमच्या वाडीत बसावं. शाळेची पडवी चालेल. भरतीची वेळ तेवढी आधी बघून घ्या.