वर्षअखेरच्या सुट्टीत कोणत्या मालिका पाहिल्या, कशा वाटल्या? आणि परभाषेतल्या मालिका डब केलेल्या बघाव्यात की सबटायटल लावून?

हा प्रश्न इथे विचारलाय आणि ‘डब सोपं पडतं’ अशी पुस्तीही त्याला जोडलीय. प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर थोडक्यात देते. दुसऱ्या भागावरून आमच्या घरात दीड दिवस अबोला होता, त्यामुळे तो थोडक्यात आटपणार नाही.

सुट्टीत मी दादाकडे होते. आई, दादा, वहिनी, भाची आणि मी. भाचीबरोबर ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा पाचवा सीझन पाहिला. अमेरिकेतल्या तारखांप्रमाणे २०२५ मध्ये २६ नोव्हेंबरला चार भाग, २५ डिसेंबरला तीन आणि ३१ डिसेंबरला एकच, असे तुकडे पाडून तो आणला होता. मला हे तुकडे पटले नाहीत. २०१६ मध्ये सुरू झालेली गोष्ट, आधीच दोन सीझनांमध्ये तीन-तीन वर्षं थांबवलेली, त्यात शेवटालाही लोकांना ताटकळत ठेवायचं. पण दोन तासांच्या शेवटच्या भागात पात्रांच्या निरोपाला सवडीने जागा दिली आहे, ते मला आवडलं. भाची रडली. माझेही डोळे भरून आले.

‘डार्क’ या जर्मन मालिकेचा पहिला सीझन पुन्हा पाहिला. ३३ वर्षांच्या फेऱ्यात १९५३, १९८६ आणि २०१९ असं गुंफलेलं कथानक आहे. कोण कुणाचा मुलगा हे कागदावर लिहून ठेवल्याशिवाय कळत नाही आणि लिहून ठेवण्याइतकं ते चांगलं आहे. तिन्ही सीझन मिळून २६ भाग. ज्यांना ‘फार गुंतागुंतीचं’ वाटलं, त्यांनी बघताना फोन हातात घेतला होता, हे मी पैजेवर सांगते.

सोव्हिएत अणुभट्टीच्या अपघातावरची ‘चेर्नोबिल’ही दुसऱ्यांदा पाहिली. पाचच भाग, एकही फुकट नाही. फक्त त्यातली शास्त्रज्ञ बाई, खोम्युक, हे अनेक शास्त्रज्ञ मिळून घडवलेलं काल्पनिक पात्र आहे आणि अपघाताच्या खटल्यात शास्त्रज्ञ लेगासोव्ह उभा राहून सगळं समजावतो तेही तसं घडलेलं नाही. खरा लेगासोव्ह त्या खटल्याला हजर नव्हता. इतिहास म्हणून बघणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

आता ‘स्क्विड गेम’, पैशांसाठी जीवघेणे खेळ खेळणाऱ्या माणसांची कोरियन मालिका. ही आम्ही मोठ्यांनी एकत्र पाहिली, पहिला सीझन, नऊ भाग. मी आधी पाहिली होती, बाकी कुणी नाही. रिमोट दादाच्या हातात, त्याने विचार न करता हिंदी डब लावलं. मी काही बोलले नाही. दोन भाग झाले आणि दादाने निकाल दिला, “हिरो नुसता कोकलतो. अभिनय शून्य.”

हे मला सहन झालं नाही. मी म्हटलं, “दादा, तू त्याचा आवाज ऐकलास कुठे? तू दुसऱ्याच माणसाचा आवाज ऐकून याला नापास करतोयस.” त्या भूमिकेसाठी ली जंग-जे याला २०२२ मध्ये नाट्यमालिकांतल्या सर्वोत्तम अभिनेत्याचा एमी, म्हणजे टीव्हीसाठीचा अमेरिकेतला मोठा पुरस्कार, मिळाला. इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतल्या भूमिकेसाठी तो मान मिळवणारा तो पहिलाच. हेही मी सांगितलं. दादा म्हणाला, “टीव्ही बघायचा असतो, वाचायचा नसतो. खालची अक्षरं वाचत कोण बसतं?”

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. सहा वर्षांपूर्वी मी नोकरी सोडली आणि लघुपट-माहितीपटांना मराठी सबटायटल लिहायला लागले, तेव्हा त्याने चारचौघांत हेच वाक्य म्हटलं होतं, अगदी याच शब्दांत. तेव्हा मी गप्प बसले होते. या वेळी नाही बसले. वहिनी उठून आत गेली, आईने टीव्ही बंद करायला लावला आणि पुढचा दीड दिवस आम्ही एकमेकांशी ‘मीठ दे’ यापलीकडे बोललो नाही.

प्रश्न विचारणाऱ्यांनी ‘डब सोपं पडतं’ असं लिहिलंय. तुम्हाला बघायला सोपं पडतं, हे मान्य. पण डब कसं होतं ते एकदा समजून घ्या. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात. पडद्यावर नटाचे ओठ मिटलेले दिसतात आणि कानावर ‘क’ येतो तेव्हा ते डोळ्याला खुपतं. म्हणून डबिंगचा लेखक ओठांच्या मापाने शब्द बेततो. माप बसलं की पुष्कळदा अर्थ उसवतो. मग ते वाक्य दुसरा कलाकार बंद खोलीत माइकसमोर म्हणतो. तो धावलेला नसतो, थंडीत कुडकुडलेला नसतो, त्याच्यासमोर दुसरा नट डोळ्यांत डोळे घालून उभा नसतो. मी त्या कलाकारांना कमी लेखत नाही. फार अवघड काम आहे ते. पण ते त्यांचं काम आहे, त्या नटाचं नाही.

आमच्या कामातही कात्री आहेच. एका वेळी दोन ओळी, ओळीत साधारण ४२ अक्षरं आणि सात सेकंदांच्या वर पडद्यावर ठेवायचं नाही. माणूस भराभरा बोलायला लागला की निम्मं सोडून द्यावं लागतं. फरक एवढाच, की आम्ही शब्द कापतो आणि आवाजाला हात लावत नाही. श्वास, अडखळणं, गळा दाटून येणं, सगळं प्रेक्षकापर्यंत जसंच्या तसं पोचतं.

तिसऱ्या रात्री आई माझ्या खोलीत आली. म्हणाली, “तो माणूस खरा कसा बोलतो ते ऐकव की मला.” आईला सबटायटल वाचता येत नाहीत. इंग्रजी तिला जमत नाही आणि मराठी असती तरी डोळे आता तेवढे भराभर फिरत नाहीत. तिला खूनही बघवत नाहीत, तेवढ्यापुरतं ती तोंड फिरवते. तरी गोष्टीत ती अडकली होती. मग मी लॅपटॉपवर मूळ कोरियन आवाज लावला, तिच्याजवळ बसले आणि खालची इंग्रजी अक्षरं मराठीत मोठ्याने सांगत गेले. आधीचे भाग तिने दादाबरोबर डबमध्ये पाहिले होते. आम्ही सहावा लावला, गोट्यांचा.

(ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी पुढचे चार परिच्छेद सोडा. हे मी वर लिहायला हवं होतं.)

या भागात जोड्या लावतात आणि जोडीदारालाच हरवायचं असतं. अली हा पाकिस्तानातून आलेला मजूर. तो सांग-वू या शिकल्या-सवरलेल्या माणसाला आधी ‘साजांगनिम’ म्हणत असतो, म्हणजे ‘मालक’, ‘साहेब’. सांग-वूने एकदा त्याला बसभाड्याचे पैसे दिलेले असतात, ते तो विसरलेला नसतो. पुढे सांग-वूच त्याला म्हणतो, साहेब नको म्हणू, ‘ह्योंग’ म्हण. पुरुषाने थोरल्या भावाला मारायची हाक म्हणजे ह्योंग. अलीची भूमिका करणारा अनुपम त्रिपाठी मूळचा भारतीय, अभिनय कोरियात शिकलेला, आणि ते कोरियन तो स्वतः बोललाय. त्याच्या तोंडी ‘साजांगनिम’मधला दबलेला सूर आणि ‘ह्योंग’मधला सुटलेला सूर शेजारी शेजारी ठेवून ऐका. इंग्रजीला तिथे काही करता येत नाही, त्या भाषेत भावाला नावानेच हाक मारतात. मराठीत मात्र तो शब्द तयार होता. मी आईला म्हटलं, “तो म्हणतोय, दादा.”

त्यानंतर प्रत्येक ‘ह्योंग’ला मी ‘दादा’ म्हणत गेले. अली गोट्या जिंकत जातो, सांग-वू हरत जातो, मग गयावया करतो, मग युक्ती सांगतो आणि अलीच्या पिशवीत गोट्यांऐवजी खडे भरून निघून जातो. अली त्या गल्ल्यांत त्याला शोधत हाका मारत फिरतो. ह्योंग, ह्योंग. मी दादा, दादा म्हणत होते. खडे हातावर पडले तेव्हा माझा आवाज बसला आणि मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दादा दारात कधी येऊन बसला होता, आम्हाला कळलं नव्हतं.

कोणी काही बोललं नाही. आईने मला विचारलं, “तो परत येतो का?” मी म्हटलं, नाही.

त्या रात्री मला आणखी एक गोष्ट उमगली आणि इतकी वर्षं हे काम करून ती मला कुणी सांगितली नव्हती. कोरियन वाक्यात क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. इंग्रजी सबटायटलमध्ये बातमी वाक्याच्या मध्यातच फुटते, नट अजून तिथे पोचायचा असतो. मराठीत सांगताना क्रियापद आणि नटाचा चेहरा एकाच क्षणी पडतात. आई बरोबर त्या जागी दचकत होती. कोरियन मालिकांना थेट कोरियनवरून केलेली मराठी सबटायटल हवीत, इंग्रजीच्या कुबड्या घेऊन नव्हेत, हे माझं ठाम मत आहे.

सगळीकडे आपलं घोडं पुढे जातं असं मात्र नाही. त्याच मालिकेत एक बाई एका गुंडाला ‘ओप्पा’ म्हणते. बाईने थोरल्या भावाला मारायची हीच हाक, पण प्रियकरालाही ओप्पाच म्हणतात. इंग्रजीत ते एका ठिकाणी ‘ओल्ड मॅन’ आणि एका ठिकाणी ‘बेब’ झालं, त्यावर २०२१ मध्ये पुष्कळ टीका झाली. आपण ‘दादा’ लिहिलं तर अनर्थ होईल, ‘अहो’ लिहिलं तर ती त्याची बायको वाटेल. मी ‘राजा’ लिहिलं असतं बहुतेक. अजून ठरलेलं नाही.

सकाळी दादा आपणहून बोलला, पण आपला मुद्दा त्याने सोडला नाही. म्हणाला, “तुझं ते ‘चेर्नोबिल’ घे. सगळी माणसं सोव्हिएत, आणि बोलतात इंग्रजी. तिथे कुठे गेला तुझा मूळ आवाज?” प्रश्न चांगला होता. मी त्याला सांगितलं ते इथेही सांगते. तिथे निर्मात्यांनी मुद्दामच नटांना रशियन वळणाचं इंग्रजी बोलायला लावलं नाही, आपापल्या ढंगात बोलू दिलं. लेगासोव्ह झालेला जॅरेड हॅरिस उभा राहून जे बोलतो ते त्याच्याच गळ्यातून येतं. मूळ आवाज म्हणजे पात्राच्या देशाची भाषा नव्हे. कॅमेऱ्यासमोर अभिनय करताना जो आवाज निघाला, तो मूळ आवाज. दादा यावर गप्प बसला. पटलं म्हणून की चहा संपला म्हणून, ते माहीत नाही.

तर तुमच्या प्रश्नाबद्दल. मूळ आवाज लावा. सबटायटल निवडताना दोन पर्याय दिसले, तर ज्याच्यापुढे ‘सीसी’ (क्लोज्ड कॅप्शन) लिहिलंय ते शक्यतो टाळा. ते बहिऱ्या प्रेक्षकांसाठी असतं आणि ‘स्क्विड गेम’च्या इंग्रजी सीसीमध्ये तर डबचेच शब्द उतरवलेले होते. मालिका गाजली तेव्हा भाषांतर वाईट म्हणून जी ओरड झाली, त्यातली बरीचशी या सीसीवरूनच होती. साधी सबटायटल मुळाला जवळची होती. पहिले दहा-पंधरा मिनिटं डोळे खाली जातील, मग आपण वाचतोय हेही विसरायला होतं.

ज्यांना दिसायला त्रास होतो, वाचण्याचा वेग कमी आहे, किंवा जे स्वयंपाक करता करता बघतात, त्यांनी खुशाल डब लावावं. लहान मुलांनीही. आमच्या आईसारखं माणूस असेल तर कुणीतरी शेजारी बसून सांगावं, पण रोज कोण बसणार, हे मलाही कळतं. आणि ‘स्क्विड गेम’ मुलांसमोर लावू नका, रक्तपात फार आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की डब ऐकलं असेल तर गोष्टीबद्दल बोला, दिग्दर्शनाबद्दल बोला, कॅमेऱ्याबद्दल बोला. अभिनय शून्य, असं म्हणू नका.

पहिल्या सीझनचे उरलेले तीन भाग आम्ही चौघांनी मूळ आवाजात पाहिले, मी मोठ्याने सांगत होते. दुसरा आणि तिसरा सीझन मी निघून आल्यावर दादाने एकट्याने संपवला. कोणत्या आवाजात, ते मी फोनवर विचारलं. त्याने आईकडे फोन दिला.