चार ताटं, चार मापं

प्रश्न : ताई, आम्ही कोपरीला राहतो. माझे मिस्टर वागळे इस्टेटच्या एका छापखान्यात वीस वर्षं मशिनवर होते. गेल्या वर्षी त्यांना सुपरवायझर केलं. आता दिवसभर खुर्ची आणि कम्प्युटर. जेवण मात्र तेच, दोन्ही वेळेला चार-चार घडीच्या पोळ्या आणि वर भात. पोट सुटलंय. काही बोललं की म्हणतात, ‘आजवर एवढंच खाल्लं, तेव्हा नाही काही झालं.’ मुलगा सतरा वर्षांचा, कबड्डी खेळतो, सारखी भूक भूक करतो. सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या, अर्धी पोळीही संपवत नाहीत. मी सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाते, तरी माझंच वजन वाढतंय. माणसाला नक्की किती पोळ्या लागतात?
– एक वाचक, ठाणे (पूर्व)

उत्तर : ताई, तुमचे मिस्टर खरं तेच बोलतात. तेव्हा काही झालं नाही, कारण आठ तास उभं राहून, रिमं उचलून ते खाल्लेलं सगळं खर्च होत होतं. पोळ्या तेवढ्याच राहिल्या आणि खर्च थांबला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी जी मापं दिली, त्यांत ६५ किलो वजनाच्या, मध्यम कष्टाचं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २७१० कॅलरी लागतात. त्याच माणसाचं काम बैठं झालं की २११०. मधल्या ६०० कॅलरी म्हणजे तेल लावलेल्या चार-साडेचार घडीच्या पोळ्या. आठातल्या जवळजवळ निम्म्या पोळ्या मशिनच्या कामाच्या होत्या, असं त्यांना सांगून बघा. कष्टाच्या माणसाला ‘तू फार खातोस’ म्हटलेलं लागतं, पण हा हिशेब पटतो.

पण उद्यापासून आठाच्या चार करू नका, दोन दिवसांत घरात भांडण होईल. आधी एका जेवणात पोळी आणि भात दोन्ही पोटभर, हे बंद करा. दुपारच्या डब्यात पोळी असेल तर रात्री भात, पोळी एखादीच. ताटातली जी जागा रिकामी होईल तिथे उसळ वाढा, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर जास्त वाढा. पोट भरल्याची जाणीव व्हायला वेळ लागतो, म्हणून चौथी पोळी तव्यावरून थेट ताटात टाकू नका. मागितली तर जरूर वाढा. चालायलाही सांगा, पण पाऊण तास चालून एक-दीड पोळी जेमतेम जिरते. चालणं हृदयासाठी, साखरेसाठी फार मोलाचं आहे, पोळ्यांची भरपाई म्हणून नाही. आणि वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप काढा. बेंबीपाशी घेर ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्या.

मुलाच्या पोळ्या अजिबात मोजू नका. सोळा ते अठरा वयाच्या मुलाला ३३२० कॅलरी लागतात, वडिलांपेक्षा बाराशेने जास्त. त्याची भूक खरी आहे. क्लासला जाताना ती स्टेशनाबाहेरच्या वडापाववर भागू नये एवढंच बघा. दोन उकडलेली अंडी किंवा दाण्याचे लाडू डब्यात दिले की झालं.

आता तुमचं. ‘उरलंसुरलं खाते, तरी माझंच वजन वाढतंय’, तुमच्या पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त बोचलं. माझ्याकडे नौपाड्यात येणाऱ्या किती बायका हेच सांगतात, ‘मी काही फारसं खातच नाही हो.’ त्यांचं म्हणणं खोटं नसतं, कारण त्यांच्यापुढे ताटच नसतं. दुपारी दोनला ओट्यापाशी उभं राहून काय खाल्लं जातं ते नीट बघा. पातेल्यातला उरलेला भात, कारण फ्रिजमध्ये ठेवायला थोडा आणि टाकायला जास्त. मुलाने टाकलेली पोळीची कड. कढईतली बटाट्याची भाजी, म्हणजे फोडी चार आणि तळाला उतरलेलं तेल सगळं. आमटीत डाळ शिल्लक नसते, उसळ केव्हाच संपलेली असते. पीठ, भात आणि तेल भरपूर, प्रथिनं जवळपास नाहीत. म्हणून वजनही वाढतं आणि संध्याकाळी पाय ओढल्यासारखे होतात. दोन्हीचं कारण हेच आहे.

५५ किलोच्या, बैठं काम असलेल्या बाईला १६६० कॅलरी लागतात, घरकामाची धावपळ धरली तर थोड्या जास्त. प्रथिनं मात्र ४६ ग्रॅम हवीतच. एका पोळीतून चारेक ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात, पेलाभर दुधातून तेवढीच. उरलंसुरलं खाऊन ही बेरीज होत नाही. तेव्हा वाढायला घ्याल तेव्हा पहिलं ताट स्वतःचं करा. दोन पोळ्या, वाटीभर उसळ किंवा वरण, भाजी, दही, असं वाढून झाकून ठेवा आणि मग बाकीच्यांना वाढा. शक्य असेल तर त्यांच्याबरोबरच बसा. अन्न टाकवत नाही हे मी समजू शकते, मलाही टाकवत नाही. त्याचा इलाज तांदूळ मोजून घेण्यात आहे, उरलेलं आपल्या पोटात ढकलण्यात नाही. महिनाभर रोज उरणारा भात एका ठरावीक वाटीने मोजा आणि तेवढे तांदूळ कमी धुवा.

तेलाचंही तसंच. माणशी दिवसाला २५ ग्रॅम धरले तर चौघांना महिन्याला तीन किलो, म्हणजे साडेतीन लिटरच्या आत. पुढच्या वाणसामानाच्या यादीत किती लिटर लिहिता ते बघा. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर सुरुवात पोळ्यांपासून नाही, फोडणीच्या पळीपासून करायची.

सासूबाईंचं मात्र उलट आहे, तिथे मला काळजी वाटते. या वयात कॅलरी कमी लागतात, प्रथिनांची गरज कमी होत नाही. दूध-पोळी, पेज, चहा-बिस्किट यांवर म्हातारी माणसं दिवस काढतात आणि मांड्यांचे स्नायू झिजत जातात. मग बाथरूममधून उठताना तोल जातो. त्यांना ‘संपवा’ म्हणू नका, थोडं थोडं चार-पाच वेळा द्या. मुगाचं मऊ धिरडं, खिचडीत दुप्पट डाळ, चालत असेल तर अंड्याची भुर्जी, दुपारी घट्ट दही. कवळी सैल झाली आहे का, हिरडी दुखते का, हे आधी विचारा. कितीदा भूक असते, चावता येत नसतं. आणि वजन करा. वर्षभरापूर्वी ५० किलो होतं आणि आता काहीही न करता ४७ भरलं, तर आहाराचा विचार नंतर, आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांचं वजन आणि चालू असलेली औषधं मला कळवलीत तर त्यांच्यासाठी वेगळा आहार लिहून देईन.