पार्क म्हणावं की चर्च?

प्रश्न : ताई, सप्टेंबरअखेर आम्ही दोघं मुलीकडे टेक्सासला, सॅन अँटोनिओला जातोय. तिथल्या नॅशनल पार्कमध्ये म्हणे चार जुनी चर्चं आहेत आणि स्थानिक मेक्सिकन कुटुंबं तिथे अजून प्रार्थनेला येतात. आम्हाला पार्क म्हणजे डोंगरदऱ्या नि जंगल एवढंच माहीत. हे बघण्यासारखं आहे का? आणि लोक प्रार्थना करत असताना आपण पाहुण्यांनी आत जाणं बरं दिसेल का?
– एक वाचक

उत्तर : जरूर जा, आणि अख्खा दिवस हाताशी ठेवा.

अमेरिकेची नॅशनल पार्क सर्व्हिस ग्रँड कॅन्यन सांभाळते, तशा इतिहासाच्या जागाही सांभाळते. कन्सेप्सिऑन, सान होसे, सान हुआन आणि एस्पादा या अठराव्या शतकातल्या स्पॅनिश मिशन-वसाहती, म्हणजे धर्मप्रसारासाठी पाद्र्यांनी वसवलेल्या वस्त्या. 1978 मध्ये त्यांचं राष्ट्रीय उद्यान झालं, 2015 मध्ये शहरातल्याच आलामो या पाचव्या मिशनसकट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव लागलं. चर्चच्या इमारती कॅथलिक धर्मप्रांताकडे आणि भोवतालचा परिसर पार्ककडे, अशी वाटणी आहे. तिकीट नाही.

मी टेक्सासमध्येच राहते आणि आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना आधी एस्पादाला नेते. तिथे नदीचं पाणी शेतांकडे नेणारा पाट आहे. वाटेत ओढा आडवा येतो, म्हणून दोन कमानींच्या दगडी पुलावरून पाणी पलीकडे नेलंय. हे काम 1740च्या दशकातलं, आणि पाटाला आजही पाणी आहे. तो खणणारे हात इथल्या मूळ रहिवाशांचे, कोआविल्तेकन लोकांचे होते. मिशनमध्ये त्यांना आसरा मिळाला, पण रोगराईत माणसं पटापट गेली आणि जुनं जगणं सुटलं. त्यांचे वंशज आजही या चर्चमध्ये येतात. त्यामुळे हा सगळा नुसता स्पेनचा वारसा म्हणून बघू नका, एवढी माझी कळकळीची विनंती.

आत जाण्याबद्दल म्हणाल, तर संकोच नको. रविवारी सान होसेला मारियाची या मेक्सिकन लोकसंगीताच्या वाद्यांच्या साथीनं प्रार्थना होते. वेळ आधी विचारून घ्या, मागच्या बाकावर बसा, फोन पिशवीत ठेवा. लग्न किंवा अंत्यविधी चालू असेल तर बाहेर थांबा. तुम्ही जाल तेव्हा 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हा हिस्पॅनिक वारसा महिनाही असेल, म्हणजे कार्यक्रम असतीलच.

तुम्ही विचारलेलं नाही, पण एक जागा सांगितल्याशिवाय राहवत नाही. पश्चिमेला, गाडीनं सहा-एक तासांवर मार्फा गाव आहे. तिथली ब्लॅकवेल शाळा ही 1909 सालची मातीच्या विटांची साधी इमारत. मेक्सिकन वंशाच्या मुलांना गोऱ्या मुलांपासून वेगळं इथे शिकवत. कायद्यात तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, रिवाजच तसा पडला होता. घरची स्पॅनिश शाळेत बोललं की छडी. 1954 मध्ये तर मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या, त्या एका पेटीत घातल्या आणि शाळेच्या आवारात ‘मिस्टर स्पॅनिश’ची रीतसर अंत्ययात्रा काढून पुरल्या! शाळेतल्या पोराला आपल्या आईची भाषा स्वतःच्या हातानं पुरायला लावायची, हे वाचलं तेव्हा मला पुढचं काही सुचेना.

1965 मध्ये शाळा बंद झाली. पुढे इमारत पाडायचं घाटतंय अशी कुणकुण लागली, तेव्हा माजी विद्यार्थीच उभे राहिले. तोवर त्यातले बरेच जण आजी-आजोबा झाले होते. त्यांनी जुने फोटो, वह्या, आठवणी जमवल्या, संस्था काढली, वॉशिंग्टनपर्यंत पाठपुरावा केला. अखेर 2022 मध्ये कायदा झाला आणि 2024 पासून ही शाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. सरकारला आपणहून सुचलं असतं असं मला नाही वाटत. जिथे छड्या खाल्ल्या तीच जागा जपायची, हे त्या लोकांनीच ठरवलं. मला याचं फार मोल वाटतं.

मुलीला सुट्टी असेल तर मार्फात एक मुक्काम करा. शाळा कोणत्या वारी उघडी असते ते निघण्याआधी बघा. आणि तिथे कुणी माजी विद्यार्थी भेटलेच, तर फलक नंतर वाचा, आधी त्यांच्याशी बोला.