पिशवी निघाली, आता पोटाला काय द्यायचं?

गुदाशयाच्या किंवा मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर अनेकांच्या पोटावर काही महिने मळ गोळा करणारी पिशवी असते. पुढे आतडं पुन्हा जोडून ती काढतात. घरच्यांना वाटतं, संपलं एकदाचं. खरे प्रश्न मात्र त्यानंतर सुरू होतात. नागपूर आणि शेजारच्या जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. उत्तरं आहारतज्ज्ञ आणि स्टोमा परिचारिका (अशा पिशवीची काळजी घ्यायला शिकवणाऱ्या) यांनी मिळून दिली आहेत. औषधाची मात्रा तुमच्या सर्जनना विचारूनच ठरवावी.

प्रश्न : बाबांचं वय ५८. गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, पाच महिने इलिओस्टॉमीची (लहान आतडं पोटावर उघडून लावलेली) पिशवी होती. ती काढून बारा दिवस झाले. दिवसातून बारा-चौदा वेळा संडासला जातात, रात्री तीनदा उठतात. जागा इतकी जळते की बसवत नाही. जोडणी फसली का? (मानेवाडा)

उत्तर : ताप नाही, पोट फुगलेलं नाही, वात सरतो आहे आणि थोडंफार खाल्लं जातं आहे, तर जोडणी फसली असं समजू नका. पहिल्या काही आठवड्यांत दहा-पंधरा वेळा जावं लागणं अनेकांच्या वाट्याला येतं. त्याची कारणं दोन. मळ साठवून ठेवणारा गुदाशय कापून लहान झालेला असतो, त्यामुळे थोडंसं साठलं तरी घाई होते आणि एकदा जाऊन आल्यावर पाच मिनिटांत पुन्हा जावं लागतं. शिवाय मोठं आतडं पाच महिने रिकामं होतं. पाणी शोषून मळ घट्ट करायचं काम त्याला हळूहळू पुन्हा जमतं. घाई आणि फेऱ्या साधारण सहा महिने ते वर्षभर कमी होत जातात, काहींना दीड-दोन वर्षंही लागतात. गुदाशय फार खालून कापलेला असेल तर पूर्वीसारखी एकच फेरी बहुधा होणार नाही, हे बाबांना आत्ताच सांगून ठेवलेलं बरं.

जळजळ होते ती पातळ मळातल्या पित्तामुळे आणि पाचकरसांमुळे. दरवेळी कोमट पाण्याने धुवा. साबण, डेटॉल, सुगंधी वाइप्स, टाल्कम पावडर यांतलं काहीही नको. जुन्या मऊ सुती कापडाने टिपून घ्या, घासू नका. मग झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर लावा. पुढच्या वेळी तो सगळा खरवडून काढायची गरज नाही. वरचा घाण झालेला भाग पुसून त्यावरच पुन्हा लावा. कातडी सोलल्यावर मलम शोधत बसण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून लावलेलं चांगलं. जळजळ फार असेल तर दिवसातून दोनदा टबात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं बसावं. बाथरूममध्ये कमोड नसेल तर महिनाभरासाठी कमोडची खुर्ची आणा. पोटाला टाके असताना दिवसातून चौदा वेळा उकिडवं बसणं-उठणं त्रासाचंच.

फेऱ्या कमी करायला सर्जन लोपेरामाइडची २ मिलिग्रॅमची गोळी देतात. ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, कारण जेवण पोटात पडल्यावरच आतडं जोरात हलू लागतं. पुष्कळजण संडासला जाऊन आल्यावर घेतात आणि उपयोग नाही म्हणतात. चोवीस तासांत १६ मिलिग्रॅमच्या, म्हणजे आठ गोळ्यांच्या, वर जायचं नाही. ताप असेल किंवा पोट फुगलं असेल तर एकही नको. रात्रीचं जेवण सातपर्यंत उरका आणि त्यासोबत तांब्याभर पाणी पिऊ नका. रात्रीची एखादी फेरी त्यानेच कमी होते.

सर्जननी होकार दिला की गुदद्वाराचे व्यायामही सुरू करा. वात अडवताना जसं आकसतो तसं पाच सेकंद आकसून ठेवायचं, दहा सेकंद सैल सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या सैल राहायला हव्यात. घाई झाली की लगेच पळण्याऐवजी आधी मिनिटभर थांबायचा सराव करा, मग हळूहळू वेळ वाढवा.

प्रश्न : सासूबाई घाबरून जेवतच नाहीत. 'खाल्लं की जावं लागतं' म्हणून दिवसभर चहा आणि दोन बिस्किटं. पहिला महिना नेमकं काय करून घालू? (प्रतापनगर)

उत्तर : फेऱ्या टाळायला उपाशी राहणं ही या काळातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. रिकाम्या आतड्यातही पाचकरस आणि पित्त येतच राहतं, ते पातळ बाहेर पडतं आणि जळजळ वाढते. वात जास्त होतो, वजन उतरतं, जखम भरायला वेळ लागतो. आतड्याला काम हवं, फक्त ते हलकं आणि थोडं-थोडं हवं. दिवसातून सहा वेळा, प्रत्येक वेळी वाटी-दीड वाटी द्या. सावकाश चावू द्या.

पहिले तीन-चार आठवडे जोडाच्या जागी सूज असते, म्हणून चोथा कमी ठेवायचा. मळ घट्ट करणारे पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात भरपूर आहेत: मऊ भात, उकडलेला आलू, साबुदाणा, दही, पिकलेलं केळं, साल काढून शिजवलेलं सफरचंद. मुगाच्या डाळीची खिचडी दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ या मापाने, नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त देऊन करा. साबुदाण्यात दाण्याचा कूट नको. ताकातली पेज करा किंवा आलू घालून खिचडी. पोळी हवीच असेल तर कणीक बारीक चाळणीने चाळून घ्या. भाज्यांत लौकी, ढेमसं, कोहळं, गाजर चालतील, पण साल आणि बिया काढून, बोटाने चुरडतील इतकं शिजवून.

नुसत्या भात-केळ्यावर मात्र जखम भरत नाही. किडनीचा आजार नसेल तर वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ७० ते ९० ग्रॅम. दोन उकडलेली अंडी १२ ग्रॅम देतात, १०० ग्रॅम पनीर १८, दोन वाट्या घट्ट मुगाचं वरण साधारण १२, दोन वाट्या दही १०, आणि १०० ग्रॅम मऊ शिजवलेलं चिकन २५. एवढं झालं की दिवसाचं काम झालं. सासूबाई अंडं-मांस खात नसतील तर पनीर दीडपट करा आणि वरण-दही एकेक वाटी वाढवा; त्याने साधारण ६० ग्रॅम होतात, उरलेली भात-पोळीतून येतात. दुधाने पोट ढवळत असेल तर दूध बंद ठेवून दह्यावर भागवा.

मेथी, अंबाडी, मोड आलेली मटकी, मक्याचं कणीस, शेंगदाणे, खोबरं, जवस-तिळाची चटणी, पेरू, कच्ची काकडी आणि मशरूम महिनाभर बाजूला ठेवा. झुणका आणि पत्ताकोबीने जोड बिघडत नाही, पण वात इतका होतो की वात कोणता आणि मळ कोणता हे कळेनासं होतं. चहा दोन कप पुरे. कॅफिनने आतडं आणखी धावतं.

इसबगोलबद्दल दोन टोकं दिसतात. काहीजण ते फक्त बद्धकोष्ठाचं औषध समजून हातच लावत नाहीत, काही दुसऱ्याच दिवशी दोन मोठे चमचे घेतात. सुजलेल्या जोडापाशी फुगलेला इसबगोल अडकू शकतो, म्हणून सर्जननी सांगितल्यावरच सुरू करा. मळ घट्ट करायचा असेल तर एक छोटा चमचा इसबगोल अर्धा कप पाण्यात किंवा दह्यात, जेवणानंतर, आणि त्यावर लगेच जास्त पाणी नाही. तोच इसबगोल मोठा पेलाभर पाण्यासोबत घेतला की मळ सैल होतो.

प्रश्न : तर्री पोहे, सावजी, संत्री. कधी? (महाल)

उत्तर : प्रश्न छोटा असला तरी नागपूरकराच्या जिव्हाळ्याचा आहे. चार आठवडे झाल्यावर आधी न चाळलेल्या कणकेची पोळी, मग तुरीचं वरण, मग साध्या भाज्या, मग ज्वारीची भाकर अशा क्रमाने या. एका वेळी एकच नवा पदार्थ, दोन चमच्यांपासून, आणि दुपारी. रात्री प्रयोग केला तर झोप जाते. दोन-तीन दिवस वाट पाहून पुढचा पदार्थ. एखादा झेपला नाही तर तो कायमचा बंद करू नका, तीन आठवड्यांनी पुन्हा करून पाहा. वहीत खाणं आणि फेऱ्या लिहून ठेवल्यात तर तुमच्या पोटाचा स्वभाव महिन्याभरात कळेल.

साधे मऊ पोहे, शेंगदाणे आणि वरचा चिवडा वगळून, पाचव्या आठवड्यात चालतील. तर्रीत तीन अडचणी एकत्र येतात: तिखट, तेल आणि हरभऱ्याची सालं. तिखटाचा जाळ तोंडात होतो तसाच शेवटच्या टोकालाही होतो, आणि तिथली कातडी आधीच सोललेली असते. तर्री आणि सावजी दोन-तीन महिन्यांनी, फेऱ्या पाच-सहावर आल्या की. तेही वरचं तेल काढून, चमचाभर रस्सा भातावर घेऊन. मटणाआधी खिमा खाऊन पाहा.

संत्र्याचा गर वाईट नाही, त्याची पांढरी पातळ साल आणि शिरा अडकतात. फोड सोलून नुसता गर काढा, नीट चावा, अर्ध्या संत्र्यापासून सुरुवात करा. रस सोपा वाटतो, पण पेलाभर रसाने मळ पातळ होतो. अर्धा कप रसात तेवढंच पाणी घाला. बर्फी, गोळ्या वगैरे साखरेचे प्रकार थोडेच.

प्रश्न : पिशवी काढून आठवडा झाला. भावाला कालपासून संडास नाही, वातही नाही, पोटात कळा येतात. एरंडेल द्यावं का? (भंडारा)

उत्तर : नाही. एरंडेल, जुलाबाची गोळी, एनिमा, काहीही नको. या पत्राला आम्ही अंक निघण्याआधीच कळवलं आहे, इतरांसाठी इथे देतो. जोडाच्या सुजेने किंवा आतडं चिकटल्याने वाट अडू शकते. वात आणि मळ दोन्ही बंद, कळा, फुगलेलं पोट, हिरवी-पिवळी उलटी, ही लक्षणं असतील तर खाणं-पिणं थांबवून ऑपरेशन झालं त्याच रुग्णालयात जा. ते दूर असेल तर जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात, डिस्चार्ज कार्ड घेऊन. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, वाढत जाणारं दुखणं, नाडीची धडधड हे जोड गळत असल्याचं चिन्ह असू शकतं. तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही.

प्रश्न : मे महिन्यात ऑपरेशन झालं. पाणी भरपूर पिते, तरी चक्कर येते, लघवी गडद होते. (वर्धा)

उत्तर : बहुधा नुसतं पाणी पिता म्हणून. पातळ मळातून पाण्याबरोबर मीठही जातं, आणि आपल्याकडच्या ४५ अंशांत घामातूनही जातं. मिठाशिवाय ढोसलेलं पाणी आतड्यात टिकत नाही. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घाला. अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात ही नेहमीची चूक. ते गाढ पाणी उलट जुलाब वाढवतं. केलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्या. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. दिवसभर घोटघोट, जेवणाच्या मधल्या वेळात. मीठ घातलेलं पातळ ताक उत्तम. उसाचा रस, कोल्ड्रिंक आणि खोक्यातली गोड पेयं नकोत. पन्हं घ्यायचं तर गूळ कमी, मीठ जरा जास्त.

रक्तदाबाची, विशेषतः लघवी जास्त करणारी गोळी सुरू असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा. जुलाब सुरू असताना अशा गोळ्यांनी किडनीवर ताण येतो. मिठावर बंधन असलेल्यांनीही ओआरएस विचारूनच घ्यावं.

प्रश्न : पिशवीच्या जागी भोक तसंच ठेवलं आहे. टाके घालायचे राहिले का? आणि मला मधुमेह आहे, भात-साबुदाणा कसा खाऊ? (यवतमाळ)

उत्तर : भोक मुद्दाम ठेवतात. ती जागा स्वच्छ नसते. कातडी पूर्ण शिवली तर आत पू साचू शकतो. रोज ड्रेसिंग केलं की काही आठवड्यांत ते तळापासून भरून येतं. सहा ते आठ आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जड उचलू नका. भरलेली बादली आणि गॅस सिलिंडर तर नाहीच. तिथे हर्निया व्हायला वेळ लागत नाही. खोकताना त्या जागेवर उशी दाबून धरा.

मधुमेहात भात बंद करायची गरज नाही. एका वेळी पाऊण वाटी भात, सोबत वरण, दही किंवा अंडं. साबुदाणा क्वचित. एक गोष्ट मात्र बघा: मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी सुरू असेल तर जुलाबाचं कारण तीच असू शकते. स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. लहान आतड्याचा शेवटचा भाग कापला असेल तर बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणीही करून घ्या.

प्रश्न : दोन महिन्यांनी गडचिरोलीला लग्न आहे. एसटीने जाता येईल? (हिंगणा)

उत्तर : येईल. निघण्याच्या तीन तास आधी भात-दही असं ओळखीचं जेवण घ्या, जेवणाच्या अर्धा तास आधी लोपेरामाइडची गोळी सर्जननी सांगितली असेल तशी. बस सुटायच्या आत एकदा जाऊन या. पुढच्या दाराजवळची सीट घ्या आणि गाडी कुठे, किती वेळ थांबते ते कंडक्टरना आधीच विचारून ठेवा. प्रवासाच्या पिशवीत पॅड, अंतर्वस्त्राचा जोड, पाण्याची बाटली, मऊ कापड, मलम आणि बंद करता येणारी प्लास्टिकची पिशवी. लग्नात पंगत बसली की मसालेभात आणि वांग्याची भाजी सोडून साधा भात, वरण, तूप आणि मठ्ठा घ्या. जिलबी एकच.